कंबरेचा घेर आणि वीस मिनिटांचा व्यायाम



वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्चाचा ताळेबंद आलाच. शरीराचाही असाच एक ताळेबंद असतो. घेतलेला आहार ही जमा, केलेले श्रम हा खर्च आणि उरलेली शिल्लक म्हणजे चरबी. व्यवहारात शिल्लक असणे हे सुबत्तेचे लक्षण मानले जाते. शरीरात मात्र ती कोणत्या खात्यात जमा होते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. मांड्यांवर आणि नितंबांवर साठलेली चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, यकृत आणि आतडी यांच्याभोवती साठलेली चरबी हृदयविकार आणि मधुमेह यांना निमंत्रण देते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या खात्याचा, विशेषतः पुरुषांच्या बाबतीत, विचार केला आहे. थोड्या वेळात केलेल्या तीव्र व्यायामाने ही शिल्लक कितपत कमी होते आणि असा व्यायाम कोणी करावा, कोणी करू नये, हे येथे सांगावयाचे आहे.

लंडनच्या बसगाड्यांतील एक धडा

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीत, एकाच हवेत, साधारण सारख्याच पगारावर काम करीत. फरक एवढाच की, ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर दुमजली बसच्या पायऱ्या सारखा चढत-उतरत असे. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी असल्याचे आणि झालाच तर तो उशिरा व सौम्य स्वरूपात होत असल्याचे या अभ्यासात दिसून आले. मुंबईच्या दुमजली बसमधून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना खांद्याला चामडी पिशवी अडकवून जिना चढणारा कंडक्टर सहज आठवेल.

पुढे १९५६ साली याच संशोधकांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या पाटलोणींचा कंबरेचा घेर कंडक्टरांच्या पाटलोणींपेक्षा मोठा निघाला. हृदयविकाराचा धागा शिंप्याच्या वहीपर्यंत जाऊन पोहोचला! मात्र या अभ्यासाने एक सावधगिरीही शिकवली. अगदी तरुण ड्रायव्हरांचा घेरही त्याच वयाच्या कंडक्टरांपेक्षा अधिक होता. म्हणजे काही फरक कामामुळे पडला असेल, तर काही नोकरीच्या सुरुवातीपासूनच असेल. नुसत्या निरीक्षणावरून कार्यकारणभाव ठरवता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष प्रयोग करून पाहावा लागतो. अशा एका प्रयोगाकडे आपण पुढे वळणारच आहोत.

पोटावरची चरबी आणि पोटातली चरबी

आपण ज्याला ‘पोट सुटणे’ म्हणतो, त्यात दोन निराळ्या गोष्टी असतात. चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी. दुसरी उदरपोकळीत खोलवर, आतड्यांच्या पदराला लगडलेली असते. ती चिमटीत सापडत नाही. पुरुषांमध्ये हे दुसरे खाते लवकर भरते. १९४७ साली फ्रान्समधील मार्सेय येथील डॉ. जाँ व्हाग यांनी शरीराच्या वरच्या भागातील आणि खालच्या भागातील स्थूलता असा भेद प्रथम मांडला आणि वरच्या भागातील स्थूलतेचा संबंध मधुमेहादी विकारांशी जोडला.

उदरपोकळीतील चरबी निष्क्रिय नसते. तिच्यातून निघणारी मेदाम्ले रक्तावाटे थेट यकृताकडे जातात. तेथे साखरेचे आणि चरबीचे नियमन बिघडते, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो आणि सौम्य प्रकारचा दाह शरीरात सतत धुमसत राहतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर याचा परिणाम वर्षानुवर्षे होत असतो. मात्र छातीत दुखू लागेपर्यंत रुग्णाला त्याची चाहूलही लागत नाही.

भारतीयांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि त्याचा एक बोलका पुरावा पुण्यातून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. तथापि युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. बाहेरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी ही आपली ठेवण असल्याने केवळ वजनावर विसंबणे भारतीयाला परवडत नाही. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी मिळून सुचवलेल्या निकषांनुसार आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स २३ झाला की वजन जादा समजावे, २५ झाला की स्थूलता समजावी आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर झाला की सावध व्हावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत प्रौढांपैकी ३९.५ टक्के लोकांमध्ये पोटाची स्थूलता आढळून आली.

प्रयोग काय सांगतो?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील हैदरी, फ्रॉइंड आणि बाउचर या संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादा वजनाच्या तरुण पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडण्यात आले. एका गटाने व्यायाम केला, दुसऱ्याने नेहमीचा दिनक्रम चालू ठेवला. व्यायाम जागच्या सायकलीवर होता. ८ सेकंद जोरात पायडल मारायचे, १२ सेकंद सावकाश, पुन्हा ८ सेकंद जोरात, असे सलग २० मिनिटे. आठवड्यातून तीन वेळा, १२ आठवडे. अशा आलटून-पालटून तीव्र आणि मंद व्यायामाला ‘हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग’ म्हणतात. आपण त्याला तीव्र-मंद आवर्तनांचा व्यायाम म्हणू.

हिशेब करून पाहिला तर २० मिनिटांत अशी ६० आवर्तने होतात आणि प्रत्यक्ष जोराचे श्रम अवघी ८ मिनिटे घडतात. बारा आठवड्यांचा एकूण वेळ धरला तरी, आरंभीचा आणि शेवटचा हलका व्यायाम वगळता, तो १२ तास भरतो.

निष्पन्न काय झाले? व्यायाम करणाऱ्यांचे वजन सरासरी १.५ किलो उतरले. एवढाच आकडा कोणी ऐकला तर तो म्हणेल, “तीन महिने घाम गाळून दीड किलो? एवढ्यासाठी कोण कष्ट घेणार?” पण वजनाचा काटा येथे पूर्ण सत्य सांगत नाही. शरीरातील एकूण चरबी २ किलोने घटली आणि त्यांपैकी १.५ किलो घट धडावरची होती. उदरपोकळीतील चरबी सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाली. कंबरेचा घेरही उतरला आणि हा बदल सहाव्या आठवड्यातच दिसू लागला. उलट, पायांचे चरबीविरहित वजन ०.४ किलोने आणि धडाचे ०.७ किलोने वाढले. चरबी गेली आणि स्नायू आले; म्हणून काटा फारसा हलला नाही. श्रम करताना प्राणवायू वापरण्याची शरीराची क्षमता १५ टक्क्यांनी वाढली, ही आणखी एक मोलाची कमाई.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या प्रयोगात रक्तातील इन्शुलिन आणि कोलेस्टेरॉलादी घटक यांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून घेर उतरला की गोळ्या बंद, असा अर्थ कोणीही काढू नये. शिवाय हे पुरुष सरासरी पंचविशीतले होते आणि त्यांची तुलना मुळीच व्यायाम न करणाऱ्यांशी केली होती. हा व्यायाम रोजच्या चालण्यापेक्षा श्रेष्ठ आहे, असे या एका प्रयोगावरून म्हणता येत नाही.

मग चालणे श्रेष्ठ की धावणे?

हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात नेहमी विचारला जातो. २०१७ साली अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. तीव्र-मंद आवर्तनांनी आणि सलग मध्यम गतीच्या व्यायामाने शरीरातील चरबी व कंबरेचा घेर जवळपास सारखेच कमी होतात, असे त्यात आढळले. फरक वेळेचा होता. आवर्तनांच्या व्यायामाला सुमारे ४० टक्के वेळ कमी लागला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात डॉ. मार्टिन गिबाला यांनी बैठ्या जीवनशैलीच्या पुरुषांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगातही हेच दिसले. १० मिनिटांच्या सत्रात २०-२० सेकंदांचे तीनच जोरकस टप्पे घेणारे आणि सुमारे ५० मिनिटे सलग मध्यम व्यायाम करणारे, या दोन्ही गटांची दमश्वासाची क्षमता सारखीच सुधारली.

तात्पर्य, ज्यांना रोज पाऊण तास चालणे शक्य आहे आणि आवडते, त्यांनी ते अवश्य चालू ठेवावे. त्यांचे काहीही हुकत नाही. पण सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला घरी परतणाऱ्या गृहस्थाची “वेळच मिळत नाही” ही सबब आता टिकत नाही, एवढे या संशोधनाने निश्चित केले.

चरबी कमी होण्यामागचे काही दुवे ज्ञात आहेत. जोराच्या श्रमाने रक्तात ॲड्रेनॅलिन वाढते आणि उदरपोकळीतील चरबीच्या पेशी त्याला त्वरेने प्रतिसाद देतात. स्नायूंतून स्रवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या द्रव्याचाही यात वाटा आहे. २०१९ साली डेन्मार्कमधील एका प्रयोगात व्यायामासोबत या द्रव्याचा प्रभाव रोखणारे औषध दिले, तेव्हा व्यायाम करूनही पोटातील चरबी कमी झाली नाही. ‘व्यायाम संपल्यावरही दिवसभर चरबी जळत राहते’ हा जाहिरातींतील दावा मात्र अतिरंजित आहे. अशी जादा ज्वलनक्रिया घडते, पण ती अल्प असते.

पोटाच्या व्यायामाने पोट कमी होते का?

पोटाभोवती गुंडाळायचे पट्टे आणि उठाबशांची यंत्रे यांवर पुष्कळ पैसा खर्च होतो. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुषांकडून २७ दिवसांत उताणे झोपून उठण्याचे सुमारे पाच हजार व्यायाम करवून घेतले. पोट, पाठ आणि नितंब या तिन्ही ठिकाणच्या चरबीच्या पेशी तपासल्या, तेव्हा तिन्हीकडे सारखाच बदल आढळला. पोटावर विशेष काही घडले नव्हते. स्नायू बळकट होतात, पण त्यावरची चरबी तेवढ्याच जागेपुरती वितळत नाही. चरबी खर्च करायची तर मोठ्या स्नायूंना, विशेषतः पायांना, काम दिले पाहिजे.

आरंभ कसा करावा?

वर्षानुवर्षे व्यायाम न केलेल्या पुरुषाने पहिल्याच दिवशी धावत सुटू नये. पुढील क्रम साधारण प्रकृतीच्या व्यक्तीस पुरेसा सावध आहे.

१. पहिले चार आठवडे : आठवड्यातून पाच दिवस, सपाट रस्त्यावर ३० मिनिटे चालणे.

२. पुढचे चार आठवडे : याच चालण्यात, एक दिवसाआड, १ मिनिट झपझप आणि २ मिनिटे सावकाश अशी सहा आवर्तने. मधल्या दिवशी नेहमीचे चालणे.

३. त्यापुढचे चार आठवडे : १ मिनिट जोरात, १ मिनिट सावकाश अशी आवर्तने हळूहळू दहापर्यंत न्यावीत. चढाचा रस्ता, सायकल किंवा इमारतीचा जिना यांपैकी गुडघ्यांना मानवेल ते निवडावे. सूर्यनमस्कारांची सवय असल्यास ते वेगाने आणि मध्ये विश्रांती घेऊन घालता येतात. तालमीत मेहनतीच्या फेऱ्या मारून मध्ये दम घेण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही.

प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटे आणि नंतर पाच मिनिटे सावकाश चालणे आवश्यक आहे. एकदम थांबल्यास चक्कर येण्याचा संभव असतो. आठवड्यातून तीनपेक्षा अधिक दिवस तीव्र व्यायाम करू नये.

जोर किती लावावा, याची सोपी कसोटी बोलण्याची आहे. सावकाश टप्प्यात पूर्ण वाक्य बोलता यावे. जोराच्या टप्प्यात दोन-तीन शब्दांपुढे बोलता येऊ नये. नाडी मोजणाऱ्यांसाठी ढोबळ हिशेब असा : २२० मधून वय वजा करावे आणि येणाऱ्या आकड्याच्या ८० ते ९० टक्के गती जोराच्या टप्प्यात असावी. ४५ वर्षांच्या पुरुषासाठी ती मिनिटाला सुमारे १४० ते १५८ ठोके येते. हृदयाची गती कमी ठेवणारी औषधे चालू असल्यास हा हिशेब लागू पडत नाही.

आधी तपासणी कोणी करावी?

हृदयविकार झालेले, अँजिओप्लास्टी वा बायपास झालेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, मधुमेही, मधुमेहाने दृष्टिपटल बाधित झालेले, तंबाखू वा विडी-सिगारेटचे व्यसन असलेले, घरात तरुण वयात हृदयविकाराचा इतिहास असलेले आणि चाळिशीनंतर प्रथमच व्यायामास प्रवृत्त होणारे यांनी तीव्र व्यायामापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतलाच पाहिजे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामानंतर साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका असतो. ताप किंवा अंगदुखी असताना तीव्र व्यायाम वर्ज्य समजावा.

ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नव्हे. नॉर्वेतील तीन हृदय-पुनर्वसन केंद्रांमधील ४,८४६ रुग्णांचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीव्र आवर्तनांच्या ४६,३६४ तासांत हृदय बंद पडण्याच्या दोन घटना घडल्या आणि ते दोघेही वाचले. मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत एक घटना घडली, ती प्राणघातक ठरली. म्हणजे धोका अल्प आहे, पण शून्य नाही. आणि हे सर्व रुग्ण प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली होते, हे विसरता कामा नये.

व्यायाम करताना छातीत जडपणा किंवा वेदना, डावा हात, जबडा वा पाठ यांकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, दरदरून घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी पडून राहण्यात जो वेळ जातो, तो हृदयाच्या स्नायूला परत मिळत नाही.

ताटाचा वाटा

आहाराकडे दुर्लक्ष करून केवळ व्यायामावर भिस्त ठेवणाऱ्यांची निराशा होते. सकाळी फिरून आल्यावर मित्रमंडळींसह कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ आणि दोन गोड चहा घेतले, तर वीस मिनिटांची कमाई तेथेच खर्ची पडते. साखर, तळलेले पदार्थ आणि मद्य आवरावे. डाळी, कडधान्ये, भाज्या यांचे प्रमाण वाढवावे आणि रात्रीचे जेवण लवकर व हलके घ्यावे. झोपेची आबाळ करू नये.

शिंप्याची टेप

शेवटी एक विनंती. घरोघरी शिवणाच्या डब्यात एक टेप असते. महिन्यातून एकदा, सकाळी अनशापोटी, ती घ्यावी. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्यावर, उघड्या त्वचेवर, जमिनीला समांतर धरावी. पोट आत ओढू नये. सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता, आकडा वाचावा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावा. पाटलोणीच्या मापावर विसंबू नये. पट्टा पोटाखाली बांधून तेच माप वर्षानुवर्षे वापरणारे पुष्कळ आहेत.

रुग्णांच्या आप्तेष्टांना हे विशेषत्वाने सांगावेसे वाटते. आपल्या घरातील एक पुरुष आज रुग्णालयात असेल, तर त्याचे भाऊ आणि मुलगे यांच्या कंबरेचा घेर आजच मोजावा. एकाच घरातील माणसांचे रक्त सारखे असते आणि बहुधा ताटही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून वाट पाहणे काय असते, हे ज्यांनी अनुभवले, त्यांना अधिक सांगणे न लगे.

देणगीदारांच्या औदार्यावर आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत खाटा उभ्या राहतात, उपकरणे येतात आणि गरजूंचे उपचार होतात. त्या खाटांची गरज ज्याला पडलीच नाही, असा माणूस कोणत्याही अहवालात नोंदला जात नाही. पण दात्याच्या मनातील हेतू त्याच्याच ठायी सर्वाधिक सफल झालेला असतो. त्याची सुरुवात काही रुपयांच्या टेपने आणि आठवड्यातून तीनदा काढलेल्या वीस मिनिटांनी होऊ शकते.

आपणा सर्वांस निरामय दीर्घायुष्य लाभो, ही सदिच्छा.